तेरा महिन्यांनी आलेल्या दंडाला उत्तर कुठे द्यायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रहदारीच्या थकीत दंडावर कर्नाटक सरकारने दिलेली 50 टक्क्यांची सवलत 12 सप्टेंबर 2025 ला संपते. रोजच्या पेपरात 'लाभ घ्या' असं आवाहन आहे, दंड भरण्याच्या खिडक्यांवर गर्दी आहे, आणि किती रुपये जमा झाले याचे आकडे येतील तेव्हा मोहीम यशस्वी झाली असंही म्हटलं जाईल. त्या गर्दीत दंड मान्य नसलेली माणसंही उभी आहेत. दाद मागायला जागा सापडत नाही म्हणून ती पैसे भरताहेत. मीही तिथे उभी राहून पैसे न भरता परत आले. का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी बेळगावातल्या वडगावात राहते. वडगाव-खासबागच्या मागांवरून साड्या आणायच्या, गोंडे बांधायला आणि फॉल-पिकोला घरोघरच्या बायकांकडे द्यायच्या, तयार झाल्या की शहापूर खडेबाजारात दुकानांत पोचवायच्या, हा माझा धंदा. त्यासाठी 2017 साली स्कूटर घेतली. घेतली त्याच वर्षी वेल्डिंगवाल्याकडून मागे लोखंडी स्टँड बसवून घेतला, कारण साड्यांचा गठ्ठा नुसत्या सीटवर राहत नाही. तेव्हापासून तो स्टँड एक दिवसही गाडीवरून उतरलेला नाही. मागच्या सीटवर माणूस बसवायचा म्हटलं तरी आधी स्टँडची अडचण होते, त्यामुळे घरातलं कुणी माझ्या गाडीवर बसायला तयार नसतं. हे इतकं सविस्तर का लिहिते, ते पुढे कळेल.

गौरी-गणपतीच्या तोंडावर, कामाची सगळ्यात धांदल असते त्या दिवसांत, मोबाइलवर संदेश आला. 18 जुलै 2024, सकाळी 11 वाजून 42 मिनिटं, मागे बसलेल्या व्यक्तीने हेल्मेट घातलेलं नाही, दंड 500 रुपये. साल वाचून आधी वाटलं, छपाईची चूक असेल. लिंक उघडली तर फोटोवरही तीच तारीख. गेल्या वर्षीची आषाढी एकादशी 17 जुलैला होती, म्हणजे हा बारशीचा दिवस. तेरा महिने उलटून गेले होते. त्याच नंबरवर मला दर वर्षी गाडीच्या विम्याची आठवण येते, परिवहन खात्याचे संदेश येतात. म्हणजे माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता, असंही नाही.

फोटो मी मोठा करून करून बघितला. पावसाची झड आहे. स्कूटर करड्या रंगाची दिसते, माझी गडद निळी आहे, पण पावसात आणि त्या अंधुक उजेडात रंगाचं काही खरं नाही, हे मलाही मान्य आहे. चालवणाऱ्याच्या अंगात रेनकोट आहे, डोक्यावर हेल्मेट आहे. मागे कुणीतरी बसलं आहे, डोक्यावर ओढणी किंवा स्कार्फ. नंबरप्लेटचा खालचा कोपरा चिखलाने माखलेला आहे आणि शेवटचा आकडा 3 आहे की 8, हे मी सांगू शकत नाही, शेजारचा इंजिनिअरिंगला शिकणारा मुलगाही सांगू शकला नाही. संगणकाने मात्र 8 वाचला, आणि दंड माझ्या घरी आला. आणि त्या गाडीला स्टँड नाही. मागे बसलेल्या माणसाच्या पाठीमागे गाडीचा मागचा दिवा आणि त्यावरचं कडं स्वच्छ दिसतं. माझ्या गाडीचं ते कडं स्टँडच्या दोन पट्ट्यांखाली झाकलेलं आहे.

एवढा सरळ पुरावा हातात आहे म्हटल्यावर मी गाडी घेऊन कार्यालयात गेले. कोणत्या कार्यालयात ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांवर माझा राग नाही. ती माझ्याशी नीट बोलली, मराठीत बोलली, एक जण तर बाहेर येऊन गाडी बघूनही गेला. स्टँड त्याने हाताने हलवून बघितला. मग विचारलं, "हा त्या वेळी होता कशावरून? नंतर बसवला असेल की. बिल हाय काय?" वेल्डिंगवाल्याने बिल कधी दिलं नव्हतं. असल्या कामाचं बिल कोण देतं आणि कोण मागतं? आणि दिलं असतं तरी 2017 च्या कागदावरून 2024 च्या जुलैत स्टँड गाडीवर होता, हे कसं सिद्ध होणार? मोबाइलमधले जुने फोटो मी सगळे चाळले. साड्यांचे शेकडो आहेत. गाडीचा मागून काढलेला एकही नाही.

जुन्या नंबरप्लेटची गोष्टही तशीच झाली. माझ्या जुन्या प्लेटवरचे आकडे जाड आणि चौकोनी वळणाचे होते, फोटोतले बारीक आहेत. पण उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावायची सरकारने मुदत वाढवत वाढवत सप्टेंबर 2024 पर्यंत नेली होती, त्या मुदतीत मी ती लावून घेतली, आणि जुनी प्लेट बसवणाऱ्याने तिथेच काढून घेतली. दंडाची सूचना जुलैच्या शेवटी आली असती तर जुनी प्लेट गाडीवरच होती. कुणीही नुसतं गाडीकडे बघून सांगितलं असतं की ही ती गाडी नव्हे.

उशिरा आलेल्या दंडाबद्दल लोक बोलतात तेव्हा बहुधा गैरसोयीबद्दल बोलतात, एकदम रक्कम भरावी लागते वगैरे. मला त्याहून मोठी गोष्ट सांगायची आहे. उशीर झाला की निरपराध माणसाकडची साधनं एकेक करून संपतात. त्या सकाळी मी नेमकी कुठे होते, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. पंधरा दिवसांत विचारलं असतं तर सांगता आलं असतं. कोणत्या दुकानात माल दिला ते दुकानदाराला आठवलं असतं, त्याच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात मी दिसले असते. असल्या कॅमेऱ्यांचं जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. खात्याकडचं चित्रण मात्र प्रकरण निकाली लागेपर्यंत जपून ठेवायचं, असा नियम आहे. म्हणजे त्यांचा पुरावा वर्षानुवर्षं टिकतो, आणि आमचा पुरावा ते कळवेपर्यंत शिल्लक राहत नाही.

हे कायदा करणाऱ्यांना माहीत नव्हतं असं नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 136-अ आलं आणि कॅमेऱ्याने दंड करण्याची सोय झाली. त्याखाली केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये ऑगस्ट 2021 मध्ये नियम 167-अ घालण्यात आला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की गुन्हा घडल्यापासून 15 दिवसांच्या आत सूचना पाठवायची. कॅमेऱ्याला राज्य सरकारच्या नेमलेल्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र हवं, त्याचं दर वर्षी नूतनीकरण हवं. कॅमेरा आहे हे सांगणारा फलक रस्त्यावर हवा. सूचनेसोबत गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट दाखवणारा फोटो हवा, वेळ, तारीख, जागा हवी, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कायद्याने लागतं ते प्रमाणपत्रही हवं. मला आलेल्या संदेशात वेळ, तारीख आणि जागा होती. नंबरप्लेट स्पष्ट नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं, आणि 15 दिवस तर कधीच मागे पडले होते.

मी हा नियम छापून नेला होता. समोरच्यांनी वाचला. "हे खरं हाय, पण सिस्टीममधनं काढायला आमच्या हातात न्हाई," एवढंच उत्तर मिळालं. नियमात एक उणीव आहे ती इथेच नडते. 15 दिवसांत पाठवा असं म्हटलं आहे, पण नाही पाठवली तर दंड रद्द समजावा, असं कुठेही म्हटलेलं नाही. त्यामुळे उशीर कुणाच्याच अंगाला लागत नाही. मी दंडाची मुदत चुकवली तर मला सवलत नाही. खात्याने सूचनेची मुदत वर्षभराने चुकवली तर त्याचं काहीच नाही.

संकेतस्थळावर हरकत नोंदवली. फोटोंसह, गाडीच्या चारी बाजूंसह. काही दिवसांनी उत्तर आलं की तपासणी केली, नोंद योग्य आढळली. कुणी तपासलं, काय बघितलं, स्टँडचं काय, आकडा 3 की 8 हे कसं ठरवलं, एक अक्षर नाही. पुन्हा हरकत घ्यायला गेले तर ते प्रकरण 'निकाली' दिसतं.

मग कार्यालयात म्हणाले, मान्य नसेल तर कोर्टात जा. कोर्टात जायला माझी ना नव्हती. ओळखीच्या एका वकिलांना घेऊन चौकशी केली तेव्हा कळलं, माझं प्रकरण पोलिसांनी न्यायालयात पाठवलेलंच नाही. खटल्याला नंबर नाही, तारीख नाही, समन्स नाही. मी कुणापुढे उभी राहून सांगणार की हे मी केलेलं नाही? ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 468 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 514 आहे. उशिराचं कारण पटलं तर न्यायालय मुदत वाढवू शकतं, हेही वकिलांनी सांगितलं. पण त्यासाठी कारण सांगावं लागतं, न्यायाधीशांपुढे सांगावं लागतं. इथे माझ्या गाडीच्या नावावर सहा महिनेच काय, वर्ष उलटल्यावर दंड उमटला आणि कुणाला कारण सांगावं लागलं नाही. न्यायालयात जो खटला मुदतीबाहेर म्हणून अडला असता, तो संकेतस्थळावर बेमुदत उभा आहे.

लोकअदालतीत मिटवून टाका, असं एका परिचिताने सुचवलं. लोकअदालतीबद्दल मला आदर आहे, आमच्या गल्लीतला जागेचा एक वाद तिथेच सुटला. पण ती दोघांच्या संमतीने मिटवण्याची जागा आहे. 'हे मी केलंच नाही' हे ऐकून, पुरावा तपासून निकाल देणं तिचं काम नव्हे, आणि तिथे एकदा मान्य केलं की अपीलही नाही.

राहता राहिली सवलत. कौंटरवरचा माणूस खरोखर माझ्या भल्यासाठीच म्हणाला, "कशाला डोक्याला ताप करून घेतासा ओ मॅडम, अर्ध्यात मिटायलंय, भरून सोडा की." घरीही हेच. भाऊ, दीर, दुकानदार, सगळ्यांचं एकच म्हणणं, अडीचशे रुपयांसाठी एवढी धावपळ कशाला. अडीचशे रुपये ही माझ्याकडे गोंडे बांधणाऱ्या बाईची एका दिवसाची मजुरी आहे. ती काही फुकटची नाही. पण मी पैशासाठी अडून बसलेली नाही. दंड भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली तडजोड करणं, म्हणजे माझ्या गाडीकडून हा गुन्हा घडला हे मी मान्य करणं. हेल्मेटच्या गुन्ह्याला कलम 194-ड मध्ये 1000 रुपये दंड आहे, कर्नाटकाने 2019 मध्ये तो 500 वर आणला. पण त्याच कलमात तीन महिने परवाना निलंबनाचीही तरतूद आहे. ज्या बाईचा धंदा स्कूटरवर चालतो, तिने न केलेल्या गुन्ह्याची नोंद 'जाऊ दे' म्हणून पदरात का घ्यावी?

2023 च्या फेब्रुवारीतही अशीच सवलत दिली होती. तेव्हा मला ती चांगली कल्पना वाटली होती, आणि ज्यांनी खरोखर नियम मोडला त्यांच्यासाठी आजही वाटते. पण सवलतीची जाहिरात करताना हरकतींचं काय, याबद्दल एक ओळ नसते. आधी हरकती ऐका, चुकीचे दंड काढून टाका आणि मग उरलेल्यांना सवलत द्या, असा क्रम असायला हवा. आज क्रम उलटा आहे. सवलतीची तारीख जवळ आली की जुने दंड संदेशाने बाहेर निघतात, माणूस घाबरतो, निम्म्यात सुटलो म्हणून पैसे भरतो आणि चुकीचा दंडही वसुलीच्या आकड्यात बरोबर ठरतो.

हेल्मेटसक्तीच्या किंवा कॅमेऱ्यांच्या मी विरोधात आहे, असं कृपया कुणी समजू नये. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट आपल्या राज्यात 2016 पासून सक्तीचं आहे आणि ते योग्यच आहे. खानापूर रस्त्यावर, हायवेवर काय होतं ते आपण रोज वाचतो. कॅमेरा ओळखपाळख बघत नाही, चौकात हात पुढे करत नाही, म्हणून मला तो हवाच आहे. पण त्याने वाचलेला आकडा माणसाने नीट डोळ्यांनी बघून मगच पुढे पाठवायला हवा, आणि तोही वेळेत.

आपल्या सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. माझं माहेर चंदगड तालुक्यात. तिकडची माणसं दवाखान्याला, बाजाराला, कपडालत्त्याला शिनोळीवरून बेळगावातच येतात. इकडची माणसं निपाणीवरून कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूरला जातात. केए-22 आणि एमएच-09 या गाड्या दोन्ही बाजूंना रोज फिरतात. उद्या माझ्या भावाला वर्षभरापूर्वीचा असा दंड आला, तर त्याने गाडी दाखवायला दुसऱ्या राज्यात कुठे आणि किती वेळा यायचं? इकडच्या माणसाला तिकडचा आला तरी तेच. नियम 167-अ केंद्राचा आहे, दोन्ही राज्यांना सारखाच लागू आहे, म्हणून ही मागणी मी दोन्हीकडच्या लोकप्रतिनिधींना करते आहे.

आणि भाषेचं. मला आलेला संदेश इंग्रजीत होता. माझा लेखी अर्ज मराठीत होता, तो कन्नडमध्ये आणा म्हणाले. शेजारच्या कन्नड शाळेत शिकलेल्या मुलीकडून लिहून घेतला आणि दिला. मला ते जमलं. माझ्याकडे काम करणाऱ्या बायकांपैकी कितीजणींना जमेल? तक्रारीचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या कलम 350 ने प्रत्येकाला दिला आहे. दंड कोणत्याही भाषेत पाठवा, पण त्यावरची हरकत तरी मराठीत घ्या.

माझं मागणं मोठं नाही. 15 दिवसांनंतर पाठवलेल्या प्रत्येक सूचनेची खात्याने स्वतःहून पुन्हा छाननी करावी, आणि ज्या फोटोत नंबर स्पष्ट वाचता येत नाही तो दंड सवलत न देता सरळ रद्द करावा. हरकत फेटाळायची असेल तर फेटाळा, पण का फेटाळली ते तपासणाऱ्याच्या सहीने लिहून द्या. आणि दंड खरा आहे अशी खात्री असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रकरण न्यायालयात पाठवा. तिथे गाडी घेऊन यायला, स्टँड दाखवायला मी तयार आहे.

12 तारखेपर्यंत मी पैसे भरणार नाही. नंतर पूर्ण 500 दिसतील, दिसू देत. ज्यांना असे जुने संदेश आले आहेत त्यांना एकच विनंती, भरण्याआधी लिंक उघडून फोटो आणि तारीख नीट बघा, फोटो मोबाइलमध्ये साठवून ठेवा, आणि आजच्या आज आपल्या गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. प्रकरण न्यायालयात पाठवलंच नसेल तर सामान्य माणसाला स्वतःहून न्यायालयात दाद मागता येते का, येत असेल तर कोणत्या अर्जाने, याबद्दल शहरातल्या वकील मंडळींपैकी कुणी याच सदरात लिहिलं तर माझ्यासह अनेकांना वाट सापडेल.

आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)